मृताची खरी नोंद हा जिवंतांचा हक्क
(पौर्णिमेच्या सभेत एका वकिलाने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पौर्णिमेच्या सभेत वकिलाला बोलावले म्हणजे तो जातीच्या दाखल्याविषयी, जमिनीच्या वादाविषयी किंवा अत्याचाराच्या खटल्याविषयी बोलेल अशी आपली अपेक्षा असते आणि ती रास्तही आहे. आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, तो मात्र आपल्या घरांत दार लोटून कुजबुजला जातो. आत्महत्या हा तो विषय होय. मी वैद्य नव्हे. मनाच्या व्याधीची चिकित्सा करण्याचा मला अधिकार नाही. माझा प्रांत कागदाचा आहे. माणूस गेल्यावर कागदावर काय लिहिले जाते, ते कोण लिहितो, तो कागद पुढे कोठे जातो, आणि त्यावरून सरकार काय करते वा काय करीत नाही, एवढेच मी आपणांस सांगणार आहे. ज्यांच्या घरी हा दुर्धर प्रसंग येऊन गेला असेल त्यांनी माझे बोलणे दोषारोप समजू नये. मी बोलतो आहे तो त्यांच्यासाठीच.

आरंभी मला माझ्या स्वतःच्या एका चुकीची कबुली दिली पाहिजे.

वकिलीची सनद घेऊन मला फार दिवस झाले नव्हते. एके दिवशी आपल्याच समाजातील एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांची मुलगी वसतिगृहात राहून शिकत होती. तिने जीव देण्याचा प्रयत्न केला होता आणि सुदैवाने ती वाचली होती. त्या बापाचा मला एकच प्रश्न होता : "वकीलसाहेब, पोरीवर केस होईल काय?" त्या वेळी कायद्याने तशी केस होऊ शकत होती. मी क्षणभरही विचार न करता म्हणालो, "अपघात झाला, असे सांगा. दुसरे काही सांगू नका." त्यांनी तसे सांगितले. कागदावर 'अपघात' असे लिहिले गेले. चौथ्या दिवशी मुलीला घरी सोडले. तिला 'का?' असे कोणीही विचारले नाही, कारण अपघाताला 'का' नसतो. वसतिगृहात दोन वर्षे तिचे ताट वेगळे ठेवले जात होते आणि तिला रोज जातीवरून बोलणे ऐकावे लागत होते, हे मला फार उशिरा कळले. आठ महिन्यांनी ती मुलगी गेली. या वेळी कागदावर लिहिले गेले : 'दीर्घ आजाराला कंटाळून.' तिला कोणताही आजार नव्हता.

बंधुभगिनींनो, त्या बापाला मी एका कलमापासून वाचविले. पण त्या मुलीला वाचवू शकणारा प्रश्न मीच बंद करून टाकला. एका मनुष्याचा अंत एकाच कारणाने होतो असे मी म्हणत नाही. परंतु तिच्यापाशी बसून विचारपूस होण्याची एक संधी होती आणि ती संधी खोट्या नोंदीने घालविली, हे सत्य मला नाकारता येत नाही. आज मी आपणांस जे सांगणार आहे, ते त्या दिवशी मी त्या बापाला सांगावयास हवे होते.

प्रथम कायद्याची भीती मनातून काढून टाका. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ३०९ अन्वये आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता आणि त्याला एक वर्षापर्यंत साध्या कैदेची वा दंडाची शिक्षा होती. मरणाच्या दारातून परतलेल्या माणसाला तुरुंगाचे दार दाखविणारा हा कायदा रद्द करावा, अशी शिफारस विधी आयोगाने १९७१ मध्येच केली होती. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पी. बी. सावंत व न्यायमूर्ती बी. जी. कोळसे-पाटील यांनी एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात हे कलम घटनाबाह्य ठरविले. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसेच मत दिले. १९९६ मध्ये मात्र त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने हा निर्णय फिरविला आणि कलम पुन्हा जिवंत झाले. २००८ मध्ये विधी आयोगाने ते रद्द करण्याची शिफारस पुन्हा एकदा केली. अखेर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ संमत झाला आणि मे २०१८ मध्ये तो अमलात आला. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरावे आणि तसे नव्हते हे सिद्ध झाल्याखेरीज तिच्यावर खटला चालवू नये, तिला शिक्षा करू नये, असे या कायद्याचे कलम ११५ सांगते. पुढे १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि तिच्यातून जुने कलम ३०९ वगळले गेले. सरकारी नोकराला त्याच्या कर्तव्यापासून रोखण्यासाठी किंवा त्याच्याकडून एखादे काम करवून घेण्यासाठी केलेला आत्महत्येचा प्रयत्न, एवढ्यापुरते एक वेगळे कलम तेवढे उरले आहे.

याचा अर्थ असा की दुःखाने खचून जिवावर उठलेल्या आपल्या मुलाबाळांवर, भावंडांवर खटला होईल म्हणून खोटे सांगण्याचे आता काहीही कारण उरलेले नाही. किंबहुना कायद्याचे पारडे उलट फिरले आहे. अशा व्यक्तीला देखभाल, उपचार व पुनर्वसन मिळवून देणे हे कलम ११५ अन्वये सरकारचे कर्तव्य आहे. आत्महत्या व आत्महत्येचे प्रयत्न कमी व्हावेत यासाठी सार्वजनिक आरोग्याचे कार्यक्रम आखावेत व राबवावेत, असे बंधनही त्याच कायद्याच्या कलम २९ ने सरकारवर घातले आहे. पूर्वी आपण सरकारला घाबरत होतो. आता सरकारला जाब विचारण्याचा अधिकार आपल्या हाती आला आहे. परंतु जो प्रयत्न 'अपघात' म्हणून लिहिला गेला, त्याच्यासाठी हा अधिकार वापरता येत नाही. ज्या दुःखाची नोंद नाही, त्याविषयी सरकारचे कर्तव्यही सुरू होत नाही.

आता ही नोंद कशी होते ते पाहू. कोणी अशा रीतीने मरण पावल्याची खबर ठाण्यात पोहोचली की पोलीस 'अकस्मात मृत्यू' म्हणून तिची नोंद करतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे पोलीस अधिकारी जवळच्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यास कळवितो, जागेवर जातो, आणि शेजारच्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांच्या समक्ष मरणोत्तर पंचनामा करतो. त्यात मृत्यूचे दिसून येणारे कारण लिहिले जाते, पंचांच्या सह्या होतात आणि हा अहवाल चोवीस तासांच्या आत वरिष्ठ दंडाधिकाऱ्याकडे जातो. विवाहाला सात वर्षे पूर्ण होण्यापूर्वी स्त्रीने आत्महत्या केली असेल, तर शवविच्छेदनाची व दंडाधिकाऱ्याच्या चौकशीची विशेष तरतूद आहे.

या प्रक्रियेत आपले लक्ष दोन ठिकाणी असले पाहिजे. पहिले ठिकाण म्हणजे 'प्रतिष्ठित रहिवासी' हे शब्द. गावात प्रतिष्ठित कोण समजला जातो हे मी आपणांस सांगावयास नको. ज्या घरच्या छळाने आपले माणूस खचले, त्याच घरचा मनुष्य पंच म्हणून पंचनाम्यावर सही करतो, असे प्रसंग मी डोळ्यांनी पाहिले आहेत. कायद्याने प्रतिष्ठा कोणा एका जातीला वाटून दिलेली नाही. आपल्या वस्तीतील शिक्षक, अंगणवाडी सेविका, विहाराच्या समितीचे सभासद हेही प्रतिष्ठित रहिवासीच आहेत. त्यांनी पंच म्हणून पुढे झाले पाहिजे. दुसरे ठिकाण म्हणजे नातेवाइकांचा जबाब. त्या घटकेला घरात आकांत असतो, देह लवकर ताब्यात मिळावा एवढीच सर्वांची इच्छा असते, आणि कोणीतरी जाणता मनुष्य कानात सांगतो की 'पोटदुखी लिहा, म्हणजे लवकर सुटाल.' आपण अंगठा देतो. पुढे छळ करणाऱ्यावर तक्रार करावयास जाल, तेव्हा हाच अंगठा आपल्याविरुद्ध उभा राहतो. विरुद्ध बाजूचा वकील तो कागद न्यायालयात वाचून दाखवितो आणि विचारतो, "तेव्हा खोटे बोललात की आता बोलता?" या प्रश्नाला उत्तर देता न आल्याने खचलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

ठाण्यातील ही माहिती पुढे जिल्ह्याला, जिल्ह्यातून राज्याला आणि राज्यातून दिल्लीच्या राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाला जाते. तेथे अपघाती मृत्यू व आत्महत्या यांचे वार्षिक पुस्तक तयार होते. या पुस्तकाप्रमाणे २०२० साली देशात १,५३,०५२ माणसांनी आत्महत्या केली. २०२१ साली १,६४,०३३. २०२२ साली १,७०,९२४. आणि २०२३ साली १,७१,४१८. २०२३ च्या संख्येत एकट्या महाराष्ट्राचा वाटा २२,६८७ होता आणि तो सर्व राज्यांत अधिक होता. २०२१ साली गेलेल्यांपैकी ४२,००४ माणसे रोजंदारीवर जगणारी होती, म्हणजे चौघांतील एक. २०२३ साली १३,८९२ विद्यार्थी होते. हे आकडे वाचताना आपल्या वस्तीचे चित्र डोळ्यांसमोर आणा. रोजंदारीने जाणारा बाप आणि त्याच्या घामावर शिकणारा मुलगा, हे दोन्ही रकाने आपल्याच घरांतून भरले जातात.

आणि हे आकडेही पुरे नाहीत. २०१० साली पोलिसांच्या नोंदीप्रमाणे आत्महत्या १,३४,५९९ होत्या. परंतु महानिबंधक कार्यालयाच्या नमुना पाहणीत घरोघरी विचारपूस करून मृत्यूंची कारणे शोधली गेली आणि त्या आधारे २०१२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात संशोधकांनी जो अंदाज प्रसिद्ध केला, तो त्याच वर्षासाठी सुमारे १,८७,००० इतका होता. मधली बावन्न हजार माणसे कोठे गेली? ती 'पोटदुखी'त गेली, 'अपघाता'त गेली, भीतीत आणि लाजेत गेली. माझ्या त्या 'अपघात झाला, असे सांगा' या सल्ल्यासारखे हजारो सल्ले त्या फरकात दडलेले आहेत.

आता त्या पुस्तकाच्या रकान्यांकडे वळू. प्रत्येक मृत्यूपुढे एक कारण लिहिलेले असते. २०२२ साली 'कौटुंबिक समस्या' या कारणाखाली शंभरांतील ३१.७ मृत्यू आणि 'आजार' या कारणाखाली १८.४ मृत्यू घातले गेले. जवळजवळ अर्धे मृत्यू या दोन पेट्यांत बंद झाले. घरातील भांडण सावकाराच्या तगाद्यामुळे झाले की दारूमुळे, की मुलाला शाळेतून काढल्यामुळे, हे त्या पेटीवर लिहिलेले नसते. कारणांच्या यादीत 'सामाजिक प्रतिष्ठा घटणे' असा रकाना आहे. पण ज्याला समाजाने प्रतिष्ठा कधी दिलीच नाही, त्याच्या जातीय अपमानासाठी मात्र रकाना नाही. याच पुस्तकाच्या जुन्या आवृत्त्यांत 'सामाजिक स्थिती' असे शीर्षक असलेला एक तक्ता असे. मी मोठ्या आशेने तो उघडला. त्यात काय होते? विवाहित, अविवाहित, विधवा, घटस्फोटित! या देशात माणसाची सामाजिक स्थिती विचारावयाची आणि जात सोडून सर्व काही लिहावयाचे, ही किमया सरकारी तक्त्यालाच साधते.

जातवार व धर्मवार माहिती गोळा करणे अशक्य आहे, असे आपणांस कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नका. २०१४ या वर्षासाठी ती गोळा केली गेली होती. परंतु वार्षिक पुस्तकात ती छापली गेली नाही. पुढे माहितीच्या अधिकाराखाली एका वृत्तपत्राने ती मिळविली. तेव्हा उणीव साधनांची नाही.

येथे आपल्यापुरती एक गोष्ट सांगून ठेवतो. आपण बौद्ध आहोत हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगितलेच पाहिजे. त्याचबरोबर १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीचे संवैधानिक संरक्षण मिळाले आहे आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही त्यांना लागू आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून जबाब देताना धर्म 'बौद्ध' लिहवून घ्या आणि अनुसूचित जातीच्या दाखल्याचा उल्लेखही लिहवून घ्या. एकाच्या अभिमानात दुसऱ्याचा हक्क गमावू नका.

रकान्यांचा परिणाम पोटापर्यंत कसा पोहोचतो, त्याचे एक उदाहरण देतो. २०२३ साली शेतीव्यवसायातील १०,७८६ जणांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. त्यांत ४,६९० शेतकरी होते आणि ६,०९६ शेतमजूर होते. महाराष्ट्रात ही एकूण संख्या ४,१५१ होती. सभांत आणि वृत्तपत्रांत आपण 'शेतकरी आत्महत्या' हा शब्द ऐकतो आणि त्या दुःखाविषयी आपल्याला आदरच आहे. परंतु नोंदीप्रमाणे मजूर अधिक मेले, हे किती जणांना ठाऊक आहे? महाराष्ट्र शासनाने २००६ च्या निर्णयाने आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत ठरविली. त्यासाठी कुटुंबाच्या नावे जमीन हवी, कर्ज हवे, ते फेडता न आल्याचा पुरावा हवा. आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीने 'पात्र' म्हणावे लागते. ज्याच्या नावे सातबाराच नाही, त्या मजुराची विधवा त्या समितीच्या दारापर्यंतही जात नाही. स्त्री शेतात राबते, पण सातबारा नवऱ्याच्या नावे असतो. ती गेली की पोलिसांच्या कागदावर 'गृहिणी' होते. रकाना चुकला की मदत चुकते आणि धोरणही चुकते.

येथपर्यंत मी एका कागदाविषयी बोललो. परंतु एकाच मृत्यूचे असे कागद अनेक कचेऱ्यांत पडून असतात. गृहखाते पोलिसांच्या नोंदी मोजते. जन्म-मृत्यू निबंधक १९६९ च्या कायद्याने मृत्यूची नोंद ठेवतो. शेतकऱ्यांची मोजणी महसूल खाते आपल्या निकषांनी करते. रुग्णालयात येणारे, वाचलेले रुग्ण आरोग्य खात्याच्या दप्तरात असतात. प्रतिबंधाचे काम आरोग्य खात्याकडे आणि आकडे गृहखात्याकडे. जी गोष्ट आता गुन्हा राहिलेली नाही, तिची मोजणी अजून गुन्ह्यांच्याच कचेरीत होते! त्यातही २०२३ सालचे आकडे प्रसिद्ध झाले ते २०२५ च्या सप्टेंबरअखेर. आग विझून राख थंड झाल्यावर घंटा वाजविण्यासारखे हे आहे.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण जाहीर केले. २०२० च्या तुलनेत २०३० पर्यंत आत्महत्यांमुळे होणारे मृत्यू दहा टक्क्यांनी कमी करावेत, तीन वर्षांत देखरेखीची परिणामकारक यंत्रणा उभी करावी, पाच वर्षांत सर्व जिल्ह्यांत मानसोपचाराचे बाह्यरुग्ण विभाग असावेत आणि आठ वर्षांत शिक्षणसंस्थांत मनःस्वास्थ्याचा अभ्यासक्रम असावा, असे त्यात म्हटले आहे. धोरण चांगले आहे. पण ज्या २०२० सालाशी तुलना करावयाची, त्यानंतरच्या तीन वर्षांत आकडा १,५३,०५२ वरून १,७१,४१८ वर गेला. संकल्प उतरणीचा आणि वाट चढणीची, अशी ही स्थिती आहे.

न्यायालयांनीही दखल घेतली आहे. मार्च २०२५ मध्ये दिल्लीच्या एका नामांकित तंत्रशिक्षण संस्थेतील दोन विद्यार्थ्यांच्या पालकांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. त्या पालकांनी जातीय भेदभावाचा आरोप केला होता आणि तरीही गुन्हा नोंदला गेला नव्हता. त्याच निकालाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या प्रश्नावर माजी न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमले गेले. जुलै २०२५ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने सर्व शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि कायदा होईपर्यंत ती बंधनकारक ठरविली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असला पाहिजे, हे त्यांतील एक होय. आपला मुलगा वा मुलगी ज्या महाविद्यालयात, वसतिगृहात, शिकवणीवर्गात आहे, तेथे हा समुपदेशक आहे काय, हा प्रश्न प्रत्येक पालकाने लेखी विचारला पाहिजे.

हे सर्व करून खरोखर जीव वाचतात काय, अशी शंका आपल्या मनात येईल. दोन देशांचा दाखला देतो. जपानमध्ये १९९८ पासून सतत चौदा वर्षे दरसाल तीस हजारांहून अधिक माणसे आत्महत्या करीत होती. 'हा ज्याचा त्याचा खाजगी प्रश्न' असे तेथेही म्हटले जाई. मृतांच्या कुटुंबीयांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाज बाजूला सारली आणि एक लाखाहून अधिक सह्या गोळा केल्या. २००६ साली आत्महत्या प्रतिबंधाचा मूलभूत कायदा झाला. पोलिसांच्या आकड्यांवर आरोग्य खाते महिन्याच्या महिन्याला नजर ठेवू लागले. २००७ पासून एका मृत्यूपुढे तीनपर्यंत आणि २०२२ पासून चारपर्यंत कारणे लिहिण्याची सोय झाली, कारण मनुष्य एका कारणाने मरत नाही हे त्यांनी ओळखले. २०१६ च्या दुरुस्तीने प्रत्येक प्रांताने व नगरपालिकेने आपली योजना करणे बंधनकारक झाले. २००३ साली ३४,४२७ असलेली संख्या २०१९ साली २०,१६९ झाली. शाळकरी मुलांचे मृत्यू मात्र तेथे घटले नाहीत. २०२४ साली ते ५२९ होते. परंतु नोंद खरी असल्यामुळे, आता कोणाकडे धावावयाचे हे त्या देशाला कळते.

दुसरा देश श्रीलंका, जेथे धम्म शतकानुशतके नांदला. १९९५ च्या सुमारास तेथील आत्महत्येचा दर जगातील अत्यंत वरच्या दरांत होता. १९९७ साली राष्ट्राध्यक्षांनी समिती नेमली. १९९८ साली आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा राहिला नाही. रुग्णालयांच्या व पोलिसांच्या नोंदींवरून अतिविषारी शेतीऔषधांचा संबंध स्पष्ट झाला, तशी ती टप्प्याटप्प्याने विक्रीतून काढून टाकण्यात आली. दोन दशकांत तेथील दर सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरला. निराशेची घटका टळली आणि हाताशी घातक वस्तू नसली, तर पुष्कळ माणसे जगतात आणि पुढेही जगत राहतात, हा त्यातील बोध आहे.

बंधुभगिनींनो, आपल्या पूर्वीच्या धर्मात माणूस असा गेला की 'नशिबाचे भोग', 'पूर्वजन्मीचे पाप' असे म्हणून प्रश्न मिटविला जाई. आपण ते सोडून आलो. तथागतांनी सांगितले की दुःख आहे, दुःखाला कारण आहे, आणि कारण दूर केले तर दुःख दूर होते. वैज्ञानिक नोंद म्हणजे याच विचाराचे सरकारी रूप आहे. पण अजून आपल्याच घरांत कोणी 'त्याचे तेवढेच आयुष्य होते' असे म्हणतो, तेव्हा आपण नकळत जुन्या घरात परत जात असतो. नशिबाला रकाना नसतो, आणि ज्याला कारण नाही त्याला उपायही नाही.

आता आपण काय करावे, ते मोजक्या शब्दांत सांगतो.

एक. आपले माणूस गप्प झाले, झोप-जेवण सोडले, 'माझे ओझे झाले' असे बोलू लागले, तर त्याच्याशेजारी बसा आणि स्पष्ट विचारा : "तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात काय?" विचारल्याने असा विचार मनात शिरतो, ही समजूत चुकीची आहे, विचारल्याने ओझे हलके होते. उत्तर 'हो' आले तर उपदेश करू नका, रागावू नका, त्याला एकटे सोडू नका आणि दवाखान्यात न्या. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर ती दिवसरात्र विनामूल्य आहे आणि मराठीतून बोलता येते. हा क्रमांक विहाराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

दोन. घातक औषधे घरात हाताशी ठेवू नका. कुलपात ठेवा, आणि किल्ली जबाबदार माणसाकडे असू द्या.

तीन. कोणी प्रयत्न करून वाचले, तर रुग्णालयात खरे सांगा आणि कलम ११५ अन्वये उपचार व पुनर्वसन मागा. मी त्या बापाला दिलेला सल्ला आपण कोणी कोणाला देऊ नये.

चार. मृत्यू झालाच, तर जबाब वाचून घेतल्याशिवाय सही वा अंगठा देऊ नका. वाचता येत नसेल तर वस्तीतील शिकलेल्या मुलाला सोबत न्या. कारण ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाही' असेच लिहवून घ्या. तेही सत्यच आहे. छळाचा संशय असेल तर तो पहिल्याच जबाबात सांगा. आत्महत्येस प्रवृत्त करणे हा न्याय संहितेच्या कलम १०८ खाली गुन्हा आहे. आणि छळ जातीवरून झाला असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचीही मागणी करा. त्या कायद्याखालील तपास पोलीस उपअधीक्षकाहून खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करावयाचा नसतो. कागदांच्या प्रतींसाठी लेखी अर्ज करा आणि पोच घ्या.

पाच. आपल्या संघटनांनी सरकारकडे तीन मागण्या सतत लावून धराव्यात. वार्षिक पुस्तकात जात व धर्म यांचा तक्ता असावा आणि कारणांत जातीय छळाचा रकाना असावा. एका मृत्यूपुढे एकाहून अधिक कारणे लिहिता यावीत. आणि पोलीस, आरोग्य, महसूल व शिक्षण या खात्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांत एकत्र बसून दर महिन्याला आकडे पाहावेत व जनतेपुढे ठेवावेत. व्यक्तीचे नाव गुप्त राहो. संख्या मात्र गुप्त राहता कामा नये.

असे दुःख ज्या घरात घडले आहे, त्या घराला एक शब्द सांगून थांबतो. आपले माणूस भेकड नव्हते आणि आपण अपराधी नाही. त्याच्या नावाने कुजबुजू नका. त्याचे नाव सरळ घ्या. त्याच्या जाण्याचे खरे कारण जेथे सांगावयाचे तेथे निर्भयपणे सांगा. त्याला परत आणणे कोणाच्या हाती नाही. पण त्याच वाटेने निघालेला दुसरा कोणी त्या खऱ्या नोंदीमुळे घरी परतू शकतो. त्या मुलीचा कागद मला आता दुरुस्त करता येत नाही. पुढचा कागद खोटा लिहिला जाऊ नये, एवढेच आपणा सर्वांच्या हाती आहे.

जय भीम.